मताआधींचें काम

राजकारण हा शब्द आपल्या घरांतून दोन निरनिराळ्या स्वरांत उच्चारला जातो. वडील मंडळी सायंकाळीं वर्तमानपत्र पुढें घेऊन त्याच विषयावर तास तास खल करितात, तेव्हां तो विद्वत्तेचा विषय असतो; आणि घरांतील एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा एखाद्या सभेला जाऊन रात्रीं उशिरां परत आला, कीं तोच शब्द जवळजवळ एखाद्या व्यसनाचें नांव होतो. मुलगी गेली असेल, तर मग बोलावयासच नको. आधीं परीक्षा, मग नोकरी, आणि मग काय तें देशकार्य, हा उपदेश न ऐकतां लहानाचे मोठे झालेले लोक आपल्यांत फारच थोडे असतील. हा उपदेश सर्वस्वीं चुकीचा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण जो देश परसत्तेंतून किंवा एकाधिकारशाहींतून निघून लोकराज्याकडे जात असतो, तेथें तरुणांनीं काय करावें, आणि मुख्य म्हणजे वडीलधाऱ्यांनीं त्यांच्याकडून काय करून घ्यावें, हा प्रश्न एका उपदेशानें सुटण्याइतका सोपा नाहीं. त्याचा विचार हवेंत करण्यापेक्षां एखाद्या खऱ्याखुऱ्या गांवाच्या आधारानें केलेला बरा. म्हणून आज आम्हीं खानदेशांतील फैजपूरची गोष्ट घेतली आहे.

फैजपूर हें जळगांव जिल्ह्याच्या यावल तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याजवळचें गांव. भोंवतालीं काळी जमीन आणि केळींच्या बागा. १९३६ सालीं या जिल्ह्याला पूर्व खानदेश म्हणत. त्या वर्षीं डिसेंबरच्या २७ व २८ तारखांस येथें राष्ट्रीय सभेचें, म्हणजे काँग्रेसचें, पन्नासावें अधिवेशन भरलें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. तोंपर्यंतचीं अधिवेशनें मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ अशा शहरांतून होत आलीं होतीं. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच. ज्या देशांतील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात त्याच्या सभेनेंही खेड्यांतच जाऊन बसावें, असा गांधीजींचा आग्रह होता. शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले आणि त्यांनीं बांबू व गांवाकडे मिळणारें असलेंच साधें सामान वापरून ‘टिळकनगर’ सजविलें. अध्यक्षांची मिरवणूक मोटारींतून न निघतां बैलांनीं ओढलेल्या शृंगारलेल्या रथांतून निघाली. १८८५ सालीं ज्या मुंबईंत पहिलें अधिवेशन भरलें होतें, तेथून पेटती ज्योत तरुणांनीं पायीं, हातोहात, फैजपूरपर्यंत आणली.

आठवणींतून व छायाचित्रांतून हाच भाग आपल्यापुढें येतो, आणि तो मनोहर आहे यांत शंका नाहीं. आम्हांला मात्र या थाटामागची मुदपाकखान्याची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ज्यानें घरांत एक लग्नकार्य पार पाडलें आहे, त्याला पांचशें माणसांच्या पंक्तीचा अर्थ समजावून सांगावयास नको. येथें तर हजारोंनीं माणसें यावयाचीं होतीं, आणि शहरांतल्याप्रमाणें मोठे वाडे, धर्मशाळा, खाणावळी कांहीं हाताशीं नव्हतें. पाणी कोठून आणावयाचें आणि कशांत सांठवावयाचें, धान्य कोणाच्या खळ्यावरून यावयाचें, आगगाडीनें उतरणाऱ्या पाहुण्यांना मुक्कामापर्यंत कोणीं पोंचवावयाचें, रात्रीं दिव्यांची सोय काय, चुकलेलीं मुलें कोणाच्या स्वाधीन करावयाचीं, आजारी पडलेल्यांना कोठें ठेवावयाचें. आणि या सर्वांहून अवघड काम म्हणजे शौचकूपांची सफाई. नुसते पैसे टाकून हीं कामें होत नाहींत. तीं स्वयंसेवकांनीं केलीं, आणि स्वयंसेवक म्हणजे बहुतेक तरुणच. त्यांच्या वांट्याला बिल्ला आणि टोपी आली, तशी झाडू आणि फावडेंही आलें.

या उभारणींत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांचा वांटा फार मोठा. पोलिसखात्यांतील नोकरी सोडून चळवळींत आलेला हा माणूस. शिस्त म्हणजे काय हें त्याला ठाऊक होतें आणि परिसरांतील शेतकरी घरांत त्याच्या शब्दाला मान होता. दुसरें नांव साने गुरुजींचें. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत ते १९२४ पासून शिक्षक होते. १९३० सालीं ती नोकरी सोडून ते सत्याग्रहांत उतरले. अधिवेशनासाठीं ते खेडोपाडीं हिंडले. मुलांशीं वागण्याची गुरुजींची रीत आपल्या वाचकांस परिचयाची आहेच. छात्रालयांत असतांना ते मुलांसाठीं स्वतःच्या हातानें लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत असत. मुलाला मोठ्या माणसाइतकें गंभीरपणें वागवावें, ही गोष्ट त्यांना कोणीं शिकवावी लागली नाहीं. असा एक माणूस आणि धनाजी नानांसारखा एक माणूस एकाच कामांत असणें हें खानदेशांतील तरुणांचें भाग्यच म्हणावयाचें.

झेंडावंदनाच्या वेळची एक हकीगत त्या भागांत अजून सांगितली जाते. उंच खांबावर चढणारा झेंडा मध्येंच अडकला. तो वर जाईना कीं खालीं येईना. एवढी सभा, सारे पुढारी उभे, आणि झेंडा अर्ध्यावर. तेव्हां शिरपूरचा एक तरुण पुढें आला आणि सरसर खांबावर चढून त्यानें तो गुंता सोडविला. लोकांनीं त्याचें मोठें कौतुक केलें. तो तरुण कोणत्या संघटनेचा, यावरून पुढें बरेंच बोललें गेलें. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. फैजपूरचा तरुण म्हटला, कीं लोकांना हा खांबावर चढलेला आठवतो. पहाटे उठून पाण्याचीं पिंपें भरणारा कोणाला आठवत नाहीं.

आतां यांतली विसंगति पाहा. १९३५ च्या कायद्याखालील प्रांतिक निवडणुका या अधिवेशनाच्या पाठोपाठ, १९३७ च्या आरंभींच झाल्या. सर्व प्रांत मिळून मतदार सुमारें तीन कोटि. मत हवें असेल तर वयाचीं एकवीस वर्षें पुरीं झालेलीं हवींत. शिवाय जमिनीचा सारा, घरभाडें, प्राप्तीवरील कर किंवा ठराविक शिक्षण यांपैकीं कांहीं तरी पदरीं हवें. स्त्रियांपैकीं अनेकींना मत मिळे तें पतीच्या मालमत्तेच्या जोरावर. म्हणजे ज्यांनीं टिळकनगर उभें केलें त्यांतील पुष्कळांना त्या निवडणुकींत मतच नव्हतें. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला वय आड येई आणि पंचवीस वर्षांच्या शेतमजुराला सारा.

आणि त्याच मंडपांत ठराव कोणता झाला? १९३५ चा कायदा आम्हांस मान्य नाहीं. हिंदुस्थानची घटना प्रौढ मताधिकारानें निवडलेल्या घटनासमितीनेंच केली पाहिजे. सारा व खंड कमी व्हावा, कर्जाचा बोजा हलका व्हावा, असा शेतकऱ्यांसंबंधींचा कार्यक्रमही येथेंच संमत झाला. किसान सभेचें अधिवेशन प्राध्यापक रंगा यांच्या अध्यक्षतेखालीं त्याच सुमारास येथेंच भरलें, आणि मनमाडाहून शेकडों शेतकरी पायीं चालत त्यासाठीं फैजपुरास आले. ज्यांना स्वतःला मत नव्हतें अशीं हजारों माणसें, प्रत्येकाला मत मिळालें पाहिजे हा ठराव ऐकत बसलीं होतीं. आणि त्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था ठेवणाऱ्या पोरांनाही मत नव्हतें.

आम्हांला वाटतें कीं लोकराज्याकडे निघालेल्या देशांत तरुणांचा भाग कोणता, याचें उत्तर या दृश्यांत पुष्कळसें सांपडतें. फैजपुरास तरुणांकडून धैर्य मागितलें गेलें, गर्दीही मागितली गेली. परंतु त्याशिवाय आणखी कांहीं मागितलें गेलें, आणि तें म्हणजे हिशेबी काम. अमुक पंक्तीला इतकीं पानें, अमुक छावणीला इतकें पाणी, अमुक वेळीं इतक्या बैलगाड्या. चूक झाली तर ती सहा महिन्यांनीं कोणा चौकशी समितीला सांपडावयाची नव्हती. दुपारच्या पंक्तीलाच ती उघडी पडत असे. ज्याच्याशीं आपली ओळख नाहीं, ज्याची जात निराळी, बोली निराळी, ज्याचा पक्षही कदाचित् निराळा, अशा माणसाबरोबर एकच घमेलें उचलावयाचें. आज हुकूम ऐकावयाचा, उद्यां द्यावयाचा. हें सारें ज्याला एकदां अंगवळणीं पडलें, त्याच्या हातांत पुढें मतपत्रिका आली तर ती परकी वाटत नाहीं. नाहीं तर मत म्हणजे पांच वर्षांतून एकदां येणारा एक कागद, आणि आतां तर तोही नाहीं, नुसती एक कळ.

फैजपूरच्या परिसरांत पुढें ज्या संस्था निघाल्या त्यांतही हाच धागा दिसतो. खिरोद्यास जनता शिक्षण मंडळाच्या शाळा उभ्या राहिल्या. १९६१ सालीं फैजपुरास महाविद्यालय निघालें, त्याला पुढें धनाजी नानांचेंच नांव मिळालें. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री आणि नंतर विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४१ सालीं राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली, तिच्या शाखांत मुलें आणि मुली बरोबरीनें येऊं लागलीं, आणि साने गुरुजी त्या मुलांचे जणू घरचेच झाले. या सर्वांचें श्रेय एका अधिवेशनाला देणें अतिशयोक्तीचें होईल. पण ज्या मुलखानें एकदां एवढें मोठें कार्य स्वतःच्या हातांनीं उरकलें, त्याला शाळा काढण्याची भीति वाटत नाहीं, एवढें म्हणावयास हरकत नसावी.

याच्या उलट चित्र खानदेशच्याच दुसऱ्या टोकाला आहे, आणि तें लिहितांना लेखणी जड होते. नंदुरबार, ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ चळवळीचा दुसरा महिना. विद्यार्थ्यांची मिरवणूक, पुढें तिरंगा, समोर पोलीस. गोळीबारांत पांच मुलें पडलीं: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. फैजपूरचें अधिवेशन ज्या दिवशीं संपलें त्या दिवशीं तो दहा वर्षांचा झाला होता, आणि गेला तेव्हां त्याला सोळावें वर्ष चालू होतें. त्या मुलांचें धैर्य थोर होतें; त्याविषयीं शब्द काढण्याचा आपणांस अधिकार नाहीं. पण आपल्याविषयीं, म्हणजे मागें राहिलेल्यांविषयीं, एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपण दरवर्षीं हार घालतों तो नंदुरबारच्या चौकांत. फैजपुरास कामाचा जो धडा मिळाला, तो कोणत्या शाळेंत शिकवितों? तरुणांनीं मरावें कसें हें सांगणारे पाठ आमच्या क्रमिक पुस्तकांत पुष्कळ आहेत. सभा कशी चालवावी, हिशेब कसा तपासावा, विरुद्ध मताच्या माणसाचें म्हणणें कसें ऐकून घ्यावें, हें सांगणारे किती आहेत?

हा दोष आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. उत्तर आफ्रिकेंतील ट्युनिशियाची गोष्ट घ्या. २०११ च्या जानेवारींत तेथील तरुणांनीं रस्त्यावर येऊन तेवीस वर्षांची एकाधिकारशाही उलथविली. त्याच वर्षीं घटनासमितीची निवडणूक झाली, २०१४ सालीं नवी घटना आली. आणि त्या घटनेखालीं लोकांनीं निवडलेले पहिले राष्ट्राध्यक्ष कोण? अठ्ठ्याऐंशी वर्षांचे एसेब्सी. योगायोग असा, कीं त्यांचा जन्मही १९२६ चाच, आमच्या शिरीषकुमारपेक्षां केवळ महिनाभर आधींचा. वयोवृद्धांनीं राज्य करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर आपल्या घरांत आम्हांला चहासुद्धां मिळणार नाहीं. परंतु ज्यांनीं दार उघडलें ते ओसरीवरच राहिले, ही भावना तेथील तरुणांत पसरली. तेव्हां त्या देशानें एक शहाणपणाचें पाऊल उचललें. २०१८ च्या नगरपालिकांच्या निवडणुकींत प्रत्येक यादींत पस्तीस वर्षांच्या आंतील उमेदवार वरच्या जागीं असलेच पाहिजेत असा नियम केला, आणि निवडून आलेल्यांत एक तृतीयांशाहून अधिक सभासद त्या वयाचे निघाले. गटारें, दिवे, बाजार, कचरा, म्हणजे फैजपूरच्या स्वयंसेवकांचीच कामें त्यांच्या हातीं आलीं. दुर्दैवानें तो प्रयोग पुरतेपणीं रुजला नाहीं. २०२३ च्या मार्च महिन्यांत राष्ट्राध्यक्षांनीं त्या नगरपालिका बरखास्त केल्या. आपल्या शेजारीं २०२४ सालीं बांगला देशांत आणि २०२५ सालीं नेपाळांत तरुणांनीं सरकारें खालीं ओढलीं, हें आपण पाहिलेंच. सत्ता पाडावयास थोडे दिवस पुरले. पाडल्यानंतरच्या सकाळीं टेबलाजवळ बसून काम करावयाची संवय कोणाला आहे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणीं मागाहून आला.

येथपर्यंत वाचून आपल्यांतील कांहीं वडील मंडळी म्हणतील, “हें सर्व ठीक, पण आमच्या घरांचें काय? आम्हीं पोळून घेतलें आहे.” या उद्गाराकडे दुर्लक्ष करणें अन्यायाचें होईल. १९४८ च्या आरंभीं, गांधीजींच्या हत्येनंतर, महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. कित्येक कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्यांचें गांव सोडून शहरांत आलीं. तेव्हांपासून पुष्कळ घरांत एक अलिखित नियम रूढ झाला: शिकावें, परीक्षा द्याव्या, नोकरी धरावी, जमल्यास परदेशीं जावें, आणि गांवच्या भानगडींत पडूं नये. त्या नियमामागची भीति खरी होती. ज्यांनीं राखेंत उभें राहून मुलांना वाढविलें, त्यांना कोणीं बोल लावूं नये. परंतु त्या गोष्टीला आतां पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि भीति गेली तरी नियम तसाच राहिला. तो इतका सोयीचा झाला आहे कीं आतां त्याला आपण संस्कार म्हणूं लागलों आहों. ज्या घरांतील एकही माणूस कधीं नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसत नाहीं, त्या घरांत नगरपालिकेला नांवें ठेवण्याचा कार्यक्रम मात्र दररोज चहाबरोबर होतो. फैजपुरासही हें दिसलें असतें: पंक्तींत बसून आमटी अळणी आहे असें म्हणणारे कांहीं पाहुणे तेथेंही असतीलच.

दुसरी गोष्ट घरांतल्या मताची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं सुमारें सतरा कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली. तीन कोटींवरून सतरा कोटि ही उडी लहान नव्हे. पण त्याच वेळीं सुमारें अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं. कारण त्यांनीं, किंवा त्यांच्या घरच्यांनीं, नांव सांगितलेंच नाहीं. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगितलें. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांतला, असें म्हणून आपण सुटका करून घेऊं शकतों. पण आजही आपल्या एकत्र कुटुंबांतून काय चालतें? मतदानाच्या आदल्या रात्रीं जेवणाच्या वेळीं काकासाहेब एक वाक्य बोलतात, आणि सकाळीं घरांतील सहा मतें एकाच ठिकाणीं पडतात. काकासाहेबांचा विचार उत्तमही असेल. तो सांगावा, त्याचीं कारणें द्यावीं, सूनबाईंनीं किंवा नातीनें उलट विचारलें तर रागावूं नये, हें समजण्यासारखें आहे. पण सहा माणसांच्या घरांतून एकच मत निघत असेल, तर यादींत सहा नांवें घालण्याचें प्रयोजन काय? अठ्ठावीस लाख स्त्रियांना नांव नव्हतें. यांना नांव आहे, आणि नांवापुढचें कांहींच नाहीं.

मताचें वय घटनेनें एकवीस ठरविलें होतें. डिसेंबर १९८८ मध्यें संसदेनें एकसष्टावी घटनादुरुस्ती केली, ती २८ मार्च १९८९ पासून अमलांत आली, आणि अठरा वर्षांच्या मुलामुलींस मत मिळालें. फैजपूरच्या स्वयंसेवकांना जें मिळालें नाहीं तें त्यांच्या नातवंडांच्या हातांत आपोआप पडलें. त्याचा उपयोग किती झाला? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं अठरा-एकोणीस वर्षांच्या सुमारें एक कोटि ऐंशी लाख मतदारांची नोंद होती. त्या वयाच्या लोकसंख्येचा अंदाज घेतला, तर निम्म्याहूनही कमी मुलामुलींनीं नांव नोंदविलें होतें असें दिसतें. येथें तरुणांवर राग काढणें सोपें आहे. पण अठराव्या वर्षापर्यंत ज्याला घरांत, शाळेंत, गल्लींत कोणत्याही गोष्टीचा निर्णय करूं दिला नाहीं, त्यानें अठराव्या वाढदिवशीं एकाएकीं देशाचा निर्णय करावयास उत्सुक व्हावें, ही अपेक्षा जरा चमत्कारिक आहे.

महाविद्यालयांतही हीच तऱ्हा. महाराष्ट्रांत विद्यार्थ्यांच्या निवडणुकांत मारामाऱ्या, क्वचित् खूनही झाले, म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें थेट निवडणुका बंद करून गुणांच्या आधारें प्रतिनिधि नेमण्याची पद्धति आली. रोग होता हें खरें. पण औषध म्हणून अन्नच बंद केलें. जो वर्गांत पहिला तोच वर्गाचा प्रतिनिधि, म्हणजे लोकमताची जागा पुन्हां परीक्षेनें घेतली. २००६ सालीं लिंगडोह समितीनें निवडणुकांस मोकळीक द्यावी, पण उमेदवाराचा खर्च पांच हजार रुपयांच्या वर जाऊं नये, त्याची वर्गांतील हजेरी पंचाहत्तर टक्के असावी, अशा समंजस सूचना केल्या. २०१६ च्या राज्याच्या नव्या कायद्यांत थेट निवडणुकांची तरतूद पुन्हां आली. २०१९ सालीं त्या घ्यावयाचें ठरलें आणि पुढें ढकललें गेलें. एवढ्या अवधींत विद्यार्थ्यांच्या कितीएक तुकड्या आल्या आणि पदव्या घेऊन गेल्या. मतपेटीची पहिली ओळख त्यांना मोठ्या निवडणुकींतच झाली, जेथें पैसा आणि जात दोन्ही आधींच येऊन बसलेलीं असतात.

मग घरानें करावें काय? मुलांना उद्यां पक्षकार्यालयांत पाठवा असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें त्यांना बहुधा मोटारसायकलच्या मिरवणुकींतच उभें करतील. त्यांत नंदुरबारचें धैर्यही नाहीं आणि फैजपूरचें कामही नाहीं. आपल्या हातांतल्या गोष्टी लहान आहेत, पण त्या आहेत. घरखर्चाची वही तीन महिने सतरा वर्षांच्या मुलीकडे द्यावी आणि महिन्याच्या अखेरीस साऱ्या घरानें तिला प्रश्न विचारावेत. आजोबांच्या औषधाला किती आणि धाकट्याच्या शिकवणीला किती, हें तिनें जमवून दाखवावें. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब मुलांनीं लिहून फलकावर लावावा. बेरीज चुकली तर काकांनीं ती गुपचूप सुधारूं नये. मतदारयादीसाठीं आतां वर्षांतून चार अर्हता-तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. सतरा वर्षें पुरीं झालेल्यास आगाऊ अर्जही करतां येतो. तो अर्ज, म्हणजे नमुना ६, मुलानें किंवा मुलीनें स्वतः भरावा. वडिलांनीं तो कचेरींतून आणून, भरून, केवळ सहीपुरता पुढें सरकवूं नये.

आणि ज्यांचें गांवाशीं नातें अजून तुटलेलें नाहीं त्यांच्यासाठीं ग्रामसभा आहे. फैजपूर स्वतः नगरपालिकेचें गांव. पण भोंवतालच्या खेड्यांत, आणि राज्यांतील हजारों गांवांत, मतदारयादींतील प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. अठरा वर्षांचा मुलगाही तेथें उभा राहून पाण्याच्या टाकीवरचा खर्च विचारूं शकतो. विधानसभेला उभें राहावयाचें तर पंचवीस वर्षें लागतात, ग्रामपंचायतीला एकवीस पुरतात. प्रश्न विचारावयास अठरा. मुलाला एकट्याला संकोच वाटेल, तर आईनें बरोबर जावें. तीही बहुधा आजवर गेलेली नसते.

परीक्षेची काळजी करणाऱ्यांसाठीं एवढेंच सांगावयाचें, कीं फैजपूरचें अधिवेशन नाताळच्या सुटींत भरलें होतें. ग्रामसभेच्या रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. चारही दिवशीं शाळा-महाविद्यालयांना सुटी असते.